कोरी लेबलं

पुण्यात नृत्यक्रांती झाली ती ब्याऐंशी साली, एका हॉटेलच्या तळघरात. नाचायला सातजण होते, त्यातले दोघे वेटर.

डीजे विश्राम कर्णिक तिथे विलायती इलेक्ट्रॉनिक आणि पोस्ट-पंक संगीताच्या रेकॉर्डी लावायचे. प्रत्येक लेबलावर कोरा कागद चिकटवलेला, कारण गाण्याचं नाव दुसऱ्या डीजेला कळलं की आपली मक्तेदारी संपली. नावं त्यांनी फक्त मुलीला सांगितली.

मुलगीही डीजे झाली. तिने रीतसर परवानग्या काढून त्याच गाण्यांचा अल्बम केला आणि पहिली एलपी कौतुकाने वडिलांच्या हातात ठेवली. मागच्या बाजूला सगळी नावं छापली होती.

"घरातच फितुरी! बाहेरच्यांनी हजारदा विचारलं, मी बधलो नाही."

"बाबा, ज्यांनी गाणी केली त्यांची नावं नकोत?"

"मग मी कोण? दुसऱ्यांच्या रेकॉर्डी लावणारा माणूस?"

मुलीने हळूच रेकॉर्डवर सुई टेकवली. घरघर करत सिंथेसायझर सुरू झाला आणि कर्णिकांचा पाय, मालकाला न विचारता, ठेका धरू लागला.

"हे कुठलं गं? नाव विसरलोय मी. जरा वाच ना."