एका दमात पाच बार

टेकडीवरून बंदुकीचे एका दमात पाच बार ऐकू आले, तेव्हा शिकारीच्या खोपीत स्टॅश तव्यावरचं सॉसेज उलटत होता. हात तसाच राहिला.

"एल्वूड," ड्वेन म्हणाला.

एल्वूड एप्रिलमध्येच वारला होता. टेकडीवर होता तो मर्ल क्लिंगर, आणि मर्लला एका हरणासाठी दुसरी गोळी कधी झाडावी लागली नव्हती. जुन्या पंप बंदुका जमवायचा त्याला नाद. घरी काचेच्या कपाटात त्यांची रांग. कुणी हात लावलाच, तर मर्ल खिशातलं फडकं काढून त्याच्या देखतच बोटांचे ठसे पुसायचा. कपाटात गेलेली बंदूक पुन्हा वाजली, असं पॉटर काउंटीत कुणाला आठवत नाही. शिकारीला तो दुकानातली साधी बंदूक आणायचा.

एल्वूडची तऱ्हा उलटी. बापाची पंप बंदूक. पुढची लाकडी मूठ खटाखट मागेपुढे ओढायची, आतल्या गोळ्या संपेपर्यंत. तोवर हरीण डोंगरापलीकडे. नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून खोपीच्या भिंतीला ठोकायचा, हा इथला रिवाज. भिंतीवरचं निम्मं कापड एल्वूडचं. मर्लची चिंधीही नाही.

तसली बंदूक मर्लच्या कपाटात नव्हती. एल्वूडकडे तो दर डिसेंबरात मागायचा, एल्वूड दर डिसेंबरात हसायचा. शेवटी परवा एल्वूडच्या बायकोनं, लोरेनानं, ती मर्लच्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "तो म्हणायचा, मर्लकडे गेली की ही मुकी होणार."

सकाळी मर्ल तीच घेऊन निघाला, तेव्हा ड्वेननं स्टॅशकडे बघून डोळा मिचकावला होता. फिरवून आणेल आणि पुसून ठेवेल, असा दोघांचा अंदाज होता.

मर्ल परतला तो शिकारीविनाच. बंदूक टेबलावर ठेवली, पाठ फिरवली आणि शर्ट पँटमधून बाहेर ओढला.

"काप."

स्टॅशनं कात्री उचलली. पण तो नियमाचा माणूस. "केवढं होतं?"

"काय?"

"हरीण, मर्ल."

"हरीण नव्हतं. झाडाचा बुंधा होता."

स्टॅशनं कात्री खाली ठेवली. बुंध्यापायी इथे कुणाचा शर्ट कापत नाहीत, म्हणाला.

"एल्वूडनं निम्मा जन्म बुंध्यांवरच बार काढले," मर्ल म्हणाला. "त्याला नाही कधी विचारलंस."

स्टॅशनं कापलं, जरा वाकडंच. ड्वेननं एल्वूडचे दोन तुकडे बाजूला सरकवून मधे खिळा ठोकला.

मर्लनं सवयीनं खिशातलं फडकं काढलं. एल्वूडच्या तळव्यानं झिजून गुळगुळीत झालेल्या मुठीवर त्याची स्वतःची ओली बोटं उमटली होती. तो बघत राहिला. मग फडक्यात नाक शिंकरलं आणि ते परत खिशात घातलं.