दुसऱ्या दिवशीची पाचवी

"मी नाय घेनार," सुक्या म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

दिपाली सिस्टर तासभर त्याच्या मागे लागली होती. शहापूरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात, नवजात बाळांच्या खोलीत, सुक्याची काल जन्मलेली मुलगी होती. वजन दीड किलोलाही कमी, तेही सकाळपासून उतरत चाललेलं. काचेची पेटी होती, नळ्या होत्या, पण पाय गार ते गारच. पोरीला माणसाच्या उघड्या छातीवर बांधा, अंगाची ऊब मिळाली तरच तगेल, असं डॉक्टर बजावून गेले होते. तिची आई तानी झटके येऊन गेल्यामुळे अतिदक्षता विभागात पडलेली. आजी भागी दारात उभी होती, पण तिला खोकला. उरला बाप, आणि बाप भिंतीला चिकटलेला.

"तुमचीच ना ती? मग?"

"माजीच हाय. म्हनून तर."

मुरबाडकडच्या त्यांच्या वाडीत पाचवी पुजल्याशिवाय पुरुष बाळाला हात लावत नाही. लावला तर बाळ जातं म्हणतात. आणि पाचवीला अजून तीन दिवस होते.

सिस्टरने शास्त्र सांगितलं, दटावलं, मोबाइलवर दुसऱ्या बापांचे फोटो दाखवले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग तिला एकदम आपलीच चूक उमगली. दवाखान्याची गाडी वाड्यांवर निघाली की तीच नव्या पोरींना शिकवायची, बाळंतपणातलं काही असेल तर बापाशी वाद घालू नका, सुईणीला विचारा. सुईण तर दारातच उभी होती.

भागीने वाडीतली निम्मी माणसं आपल्या हातांनी जगात आणली होती. दवाखान्याच्या शिबिरात ती सूज ओळखायला शिकली, आणि सुनेचे पाय फुगलेले दिसताच तिनेच तिला गाडीत घातलं. 'सुईनीच्या घरात दवाखान्याचं बाळतपन!' म्हणत वाडी हसली. भागीने हसू दिलं.

"भागीमावशी, पाचवी आजच केली तर?"

आज पाचवी केली आणि उद्या पोर गेली, तर वाडी भागीच्याच नावाने खडे फोडणार होती. तेही तिने सोसलं असतं. पण पुन्हा एकही बाळंतीण त्या गाडीत चढली नसती. तिने काचेतून नातीकडे पाहिलं. मूठभर जीव, पण मुठी आवळून पडला होता.

"करता येल," ती म्हणाली. "पन मला नाय. मी हिची सुईन नाय."

"म्हणजे?"

"हिला पयले हात कोनाचे लागले?"

सिस्टरने आपल्या हातांकडे पाहिलं. ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरांनी पोर बाहेर काढून तिच्याच हातात दिली होती. रडत नव्हती. रडवलं ते हिनेच.

"माझे."

"मंग सुईन तू गो बाय. सुईनीचे हात धुतले का पाचवी झाली."

खोलीत ऑक्सिजन चालू होता, तेव्हा दिवा नाही, उदबत्ती नाही. भागीने तोंडावर मास्क चढवला आणि सिस्टरला दाराबाहेरच्या बेसिनपाशी नेलं. दिवसातून पन्नासदा धुतले जाणारे ते हात आजवर दुसऱ्या कोणी धुतले नव्हते. भागीने बोटन्‌बोट चोळलं, कनवटीचे चिमूटभर तांदूळ ओंजळीत घातले आणि वाकून त्या ओंजळीला कपाळ टेकवलं. नर्सिंगचं प्रमाणपत्र घेतानाही दिपालीला एवढा अभिमान वाटला नव्हता. डोळे भरून आले, ते तिने खांद्याला पुसले. मग तांदूळ रुमालात बांधून, दवाखान्याचा नियम म्हणून, तेच हात साबणाने पुन्हा धुतले. भागीला हसू आलं.

"आता सांग त्याला."

"पाचवी झाली," सिस्टर म्हणाली.

सुक्याने आईकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने अंग स्वच्छ धुतलं, आरामखुर्चीत बसला, आणि सिस्टरने त्याच्या उघड्या छातीवर पोर ठेवून वरून फडकं बांधलं. सुक्याने श्वासच रोखला.

"अहो, श्वास घ्या. नाहीतर तुम्हालाच पेटीत ठेवावं लागेल."

तासाभराने पोरीचे पाय कोमट झाले. दोन तासांनी तिने जांभई दिली आणि बापाच्या छातीवर गाल टाकून झोपली. सुक्याच्या मानेला रग लागली होती, पण तो कूस बदलायला तयार नव्हता.

पाच वाजता नवा वॉचमन फेरीला आला. ओळीने चार बाया बाळं छातीशी बांधून बसलेल्या, आणि त्यांच्यात हा उघडा गडी.

"ए, ऊठ! टाइम संपला. पुरुषांनी बाहेर!"

खाकी कपडा दिसला की सुक्या वाट सोडायचा. एसटीच्या कंडक्टरलाही तो साहेब म्हणायचा. आज तो हलला नाही. पोरीच्या पाठीवरचा हातसुद्धा नाही.

"हलू बोल," तो म्हणाला. "बाळतिनीला कोन उठवतं का रे?"