रिकाम्या खोलीचं पाणी

“इतकं स्वस्त का, ते आधी सांगा,” नर्सबाई दारातच अडून म्हणाल्या. बॅग अजून हातातच होती.

मावशीने गादीवरची चादर ताणून खोचली. बोटीवर सगळे तिला मावशीच म्हणत, तिच्याहून थोरले खलाशीसुद्धा.

“त्यात काय एवढं? बोट रिकामी निघाली तरी तेल तेवढंच पिते. मग खोली मोकळी ठेवण्यापेक्षा निम्म्या भाड्यात दिलेली बरी. पोरांना तर फुकटच. एकदा माणसं आत आली की फोटो काढतात, सरबतं पितात, पोरं आइस्क्रीमसाठी भोकाड पसरतात. रिकामी खोली काही आइस्क्रीम मागत नाही.”

नर्सबाईंचा नवरा हसला. “ऐकलंस? तुला काही फुकट दिसलं की आधी ताप बघावासा वाटतो.”

“आमच्या वॉर्डात रिकामी खाट कुणी सवलतीत देत नाही,” त्या म्हणाल्या. पण आत आल्या. कित्येक वर्षांनी मिळालेली रजा होती. ती दारात उभं राहून घालवायची नव्हती.

त्यांची मुलगी, चिमणी, तोवर भिंतीलगतच्या अरुंद बर्थवर जाऊन लोळलीही होती.

बाहेर बोळात सुपरवायझर थांबला होता. “मावशी, ही शेवटची संधी,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “या खोलीत कुणी टिकत नाही. दर सफरीला तक्रार. हे लोक शेवटपर्यंत राहिले तर ठीक, नाहीतर खोली विक्रीतून काढतो आणि कुलूप ठोकतो. वरचे माझं डोकं खातायत.”

“मी जातीने बघते, साहेब.”

आणि तिने बघितलंही. जास्तीची उशी आणून दिली. रोज सकाळी टॉवेलची घडी घालून चिमणीच्या बर्थवर हत्ती बसवला.

“याची सोंड डावीकडेच का?” चिमणीने विचारलं.

“माझ्या पोरीला तशीच आवडते. तुझ्याएवढीच आहे.”

“कधी आणलंत का तिला बोटीवर?” नर्सबाईंनी केस विंचरता विंचरता विचारलं.

“आणलं की. तेव्हाही सवलतच होती, कामगारांच्या मुलांना. याच खोलीत होती.”

“आवडलं का तिला?”

“इतकं, की घरी यायचं नावच घेईना.” मावशीने एप्रनच्या खिशात हात घातला. काम नसलं की तो हात तिथेच असायचा.

दुसऱ्या दिवशी ती तिघं जेवून परत आली, तर गालिच्यावर चपलेचे ओले ठसे. न्हाणीच्या दारापासून बर्थपर्यंत. लहानसे.

नर्सबाईंनी आधी चिमणीचे पाय बघितले. बूट कोरडे होते.

“नळ गळतो मधूनमधून,” मावशी फडकं घेऊन धावत आली.

चिमणी उकिडवी बसून ठसे न्याहाळत होती. “आई, सगळे डाव्याच पायाचे आहेत! कुणीतरी लंगडी घालत आलंय.”

नवरा हसला. नर्सबाई हसल्या नाहीत.

दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच भिंतीवर टकटक सुरू झाली. मावशीला बोलावलं.

“पलीकडे माझी चादरींची खोली आहे हो. कपाटाचं दार आपटत असेल. बोट हलते ना.”

“बोट कुठे हलतेय?” नवरा आता हसत नव्हता. “समुद्र तर परातीतल्या पाण्यासारखा पडलाय.”

त्याच्या पुढच्या दिवशी नळ आपोआप वाहत होता आणि टॉवेलचा हत्ती ओलाचिंब होऊन न्हाणीत पडला होता. मावशी तो पिळत असताना नर्सबाई तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“मावशी, मी मरण रोज बघते. मी भुताखेतांना भिणारी बाई नाही. पण सकाळी पोरगी मला विचारत होती, ही खोली आपली की तिची?”

“कुणाची?” मावशीचा आवाज एकदम चिरकला.

“मीही तेच विचारलं. तर म्हणाली, ‘ती भिंतीकडेच झोपते. मला म्हणाली, सरक जरा.’”

मावशीच्या हातातून हत्ती निसटला. मग तिने नर्सबाईंचं मनगट घट्ट धरलं.

“बाई, तुमच्या पाया पडते. पोरीला इथे ठेवू नका. साहेबांना आत्ताच्या आत्ता सांगा.”

“पण तुमच्यावर ठपका येईल.”

“येऊ दे.”

सुपरवायझरने कपाळाला हात लावला, पण वरच्या मजल्यावरची खिडकीवाली खोली काढून दिली. नवऱ्याने दोन्ही बॅगा उचलल्या. चिमणी मात्र दारातून मागे फिरली आणि हत्ती बर्थवर नीट बसवून आली. “हा तिला राहू दे.”

“लागलं कुलूप,” सुपरवायझर मावशीला म्हणाला. “पाण्याचं तेवढं बघ. बंद खोलीतला नळ रोज सोडावा लागतो, नाहीतर पाणी कुजतं. आता इथे दुसरं कुणी फिरकणार नाही, किल्ली तुझ्याचकडे ठेव. भीती नाही ना वाटायची?”

“कामाची कसली भीती, साहेब?”

त्याची पावलं जिन्यावर विरेपर्यंत मावशी बोळात उभी राहिली. मग आत गेली आणि कडी लावली. नळ सोडला, पाणी जरा वाहू दिलं, बंद केला.

एप्रनच्या खिशातून तिने एक लहानशी चप्पल काढली. डाव्या पायाची, अजून ओली. एप्रनच्या टोकाने ती पुसली आणि बर्थखाली ठेवली, शेजारी समुद्रातच राहिलेल्या उजवीपुरती जागा सोडून.

“गेले गं सगळे,” ती बर्थच्या कडेवर अंग टाकत म्हणाली. “आता नाही कुणी येणार. सरक जरा.”

भिंतीकडची चादर हळूच सरकली.