पाच फुल्या

महिपती आबांच्या तक्त्यावर शौचाच्या रकान्यात ओळीने पाच फुल्या होत्या. पाय मोडून लोणावळ्याच्या दवाखान्यात आलेले आबा मावळातल्या एका गावाचे माजी सरपंच; उघड्यावर कोणी बसत नाही म्हणून त्यांच्याच काळात गावाला बक्षीस मिळालं होतं. पपई झाली, इसबगोल झालं, पण पोट काही हललं नाही.

"पोट साफ झाल्याशिवाय घरी सोडणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"चार भिंतींत व्हतच न्हाई वो," आबा पुटपुटले.

"मग घरी कुठे बसता?"

उत्तर सून सविताने दिलं. "वढ्याला! घरच्या संडासात आट वर्सं सरपण भरलंय. आमी बायका अंधारात वढ्याला जातोय. मोकळा करा म्हटलं की आबा म्हणत्यात, सरपण भिजंल."

"आबा, हा पाय तीन महिने ओढ्यापर्यंत जाणार नाही," डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं.

आबा प्लॅस्टरवरून हात फिरवत सुनेकडे वळले.



"सविता, सरपण भिजलं तर भिजू दे. संडास आजच मोकळा कर."