बर्फातला नेचा

"सावली काढ आधी!" सर खेकसले, तशी त्यांची बायको दचकून मागे सरली. ओढ्याकाठचा दगड बर्फाने गुळगुळीत झाला होता. पाय सटकला आणि ती गुडघ्यावर आपटली. बरोबरच्या दोघीतिघी धावल्या.

"तिला काही होत नाही," सर कॅमेऱ्यामागूनच म्हणाले. "पस्तीस वर्षं धडपडतेच आहे. नेच्याला धक्का नाही ना लागला, तेवढं बघा."

मंडळी हसली. तीही हसली आणि पँटवरचा चिखल झटकत उठली.

सरांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. आता दर रविवारी ते या मंडळींना डोंगरात आणून फोटो काढायला शिकवत. नेचे आणि बर्फ म्हणजे सरांचा हातखंडा. पुढच्या महिन्यात त्यांच्या वीस फोटोंचं प्रदर्शन होतं. चष्म्यावर वाफ धरते, असं सांगून गेल्या थंडीपासून ते फोटो तिलाच बघायला लावत. वाफेचा काही संबंध नव्हता. घरात ते भिंत चाचपत चालायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. "फोटो जरा पुसट वाटतोय," असं ती एकदाच म्हणाली होती. त्यानंतर चार दिवस त्यांनी अबोला धरला. मग तिनेच गुपचूप जुन्या फोटोंतले एकोणीस निवडून दिले. विसावा फोटो मात्र सरांना ताजा हवा होता, प्रवेशद्वारातल्या भिंतीसाठी.

बर्फाच्या पातळ पापुद्र्याखाली नेच्याचं अख्खं पान अडकलं होतं. सरांनी हातानेच फोकस लावला, श्वास रोखला, बटण दाबलं. मग मागे वळून त्यांनी तिचा दंड घट्ट धरला. दगडावरून उतरायचं होतं.

"बघा, सर किती जपतात!" मंडळींतली दातांची डॉक्टरीण म्हणाली.

"साफ आलाय ना?" सरांनी हळूच विचारलं.

तिने पडद्यावर पाहिलं. हिरवट-राखाडी गिचमिड. पान कुठे संपतं, बर्फ कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं. कोपऱ्यात आलेल्या त्यांच्या बुटाची नाडी तेवढी लख्ख होती. 'अजून एक घ्या, मी फोकस लावून देते,' हे शब्द तिच्या ओठांवर आले.

"काय विचारतोय मी?" सरांचा आवाज चढला. मग मंडळींकडे तोंड करून ते म्हणाले, "हिला विचारण्यापेक्षा भिंतीला विचारलेलं बरं. बाईला डोळे आहेत, नजर नाही."

पुन्हा सगळे हसले. या वेळी ती हसली नाही.

"सुरेख आलाय," ती म्हणाली. "शीर न् शीर दिसतेय. दारात हाच लावा. भिंतभर मोठा करून."

सरांचा चेहरा उजळला. "मग! उगाच नाही तासभर गुडघे टेकले."

"बघू ना, बघू ना," करत डॉक्टरीणबाई पुढे आल्या.

तिने कॅमेरा बंद केला, पिशवीत घातला आणि चेन ओढली.

"आत्ता नको," ती म्हणाली. "प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांनी एकदमच बघा."