घाटावरची जागा

सेवकरामने त्या रविवारीही कुलदीपला तलावाच्या घाटावरच बसवले.

"इथंच टाका गरी, बाबू. जुनी जागा होय."

कुलदीपने गरीच्या आकड्याला गांडूळ लावले आणि बांबूची काडी पुढे केली. दोरीला तरंगा म्हणून बांधलेला मोरपिसाचा देठ पाण्यावर उभा राहिला, तो तसाच राहिला. घाटाखाली सपाट दगड होते. वर गावाचे कपडे धुतले जात, बाजूला म्हशी बसत. साबणाच्या पाण्याने तिथे गवत उगवत नव्हते. गवत नाही म्हणून किडे नाहीत, आणि किडे नाहीत म्हणून मासे नाहीत. मासेमारांच्या धिवर मोहल्ल्यात हे सगळ्यांना ठाऊक होते.

कुलदीप दिवाळीपासून दर रविवारी भंडाऱ्याहून मोटारसायकलने यायचा. आला त्या दिवशीच त्याने सांगितले होते, की लाखांदूरकडच्या गावी आजाने त्याला गरी टाकायला शिकवले होते. मग शाळा, कॉलेज, नोकरी. पहिल्यांदा दोरीला गाठ मारताना त्याची बोटे अडखळली. आता तो पाण्याकडे बघत बघतच गाठ मारी. मासा एकदाही लागला नव्हता, तरी उठताना त्याचा चेहरा येतानापेक्षा मोकळा असे.

पलीकडे कमळांच्या पानांत काहीतरी वर आले, पाणी वाजले.

"मरळ का, काका? श्वास घ्यायला वर येते ना ती?"

"पाणडुबी होय," सेवकराम म्हणाला. "पाखरू."

कुलदीप थोडा वेळ तिकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, "खरंच मासा उरला नाही का तलावात?"

"असता तर मी सोडला असता का, बाबू?"

"मग घर कसं चालते?"

"रोजीनं जातो. दुसरं काय करणार?"

कुलदीपने मान हलवली आणि पुन्हा देठाकडे नजर लावली.

तो गेल्यावर सेवकरामची बायको धुरपता कपडे पिळत म्हणाली, "कायले नादी लावता त्या पोराले? दाखवा ना बापड्याले एखादी जागा."

"मागच्या साली तुमसरच्या त्याले दाखवली होती. काय झालं?"

धुरपताने पिळलेला कपडा झटकून बाजूला ठेवला. त्या माणसामागोमाग पुढच्या आठवड्यात चार मोटारसायकली आल्या होत्या. त्यांनी पाण्यात करंट सोडला होता. पोट वर करून तरंगणारी पिल्ले मोहल्ल्याने दोन दिवस गोळा केली.

"हा तसा नाही दिसत," ती म्हणाली.

"तोही नव्हता दिसत. हा बँकेतला होय."

"विचारलं का तुम्ही?"

"विचारायचं काय? शर्टाची घडी सांगते."

"घडी पाहून माणूस ओळखते म्हणे! लगीन करताना माही घडी नाही पाहिली वाटते."

सेवकराम हसला, पण जागा सांगायला तयार झाला नाही. यंदा तर नाहीच. सिहोऱ्याकडून येणारा नवा रस्ता तलावावर भराव टाकून सरळ न्यायचा, की वळसा घालून, हे अजून ठरायचे होते. एक साहेब येऊन पाहणार होता म्हणे. तलावावर कोणाचे पोट आहे असे त्याला दिसले, तर वळसा. म्हणून मोहल्ल्याने दिवाळीपासून कमळाच्या बाजूला जाळे टाकले नव्हते. साहेबाची जीप आली, की सेवकराम त्याच्या पुढ्यात जाळे ओढणार होता. तोपर्यंत तिथली एकही मरळ कोणाच्या गरीला लागायला नको होती.

महाशिवरात्रीच्या आधीच्या शनिवारी रात्री धुरपताने पुन्हा विषय काढला. "इतके दिवस रिकाम्या हातानं गेला तो. एका मरळीनं काही तलाव नाही सुकत."

 रविवारी पहाटे सेवकराम एकटाच कमळांत उतरला. एक हातभर मरळ धरून त्याने टोपलीत घातली, तोंड बांधले आणि टोपली घाटामागच्या बेशरमाच्या झुडपाआड पाण्यात बुडवून ठेवली. पोराला मरळ द्यायची, आणि मग जागाही दाखवायची, असे त्याने ठरवले होते.

कुलदीप आला, पण त्याने गांडुळांचा डबा उघडला नाही. काडी त्याने सेवकरामच्या हाती दिली.

"ठेवा, काका. आता माझं येणं होणार नाही. बदली झाली."

"अरे! असं काहून एकदम?"

"काम संपलं इकडचं." तो घाटावर बसला. "काका, माझ्या आजाची आठवण परत दिली तुम्ही. मासा नाही लागला, तरी येत राहावंसं वाटलं."

 सेवकराम टोपली काढायला झुडपाकडे वळला, मग काहीतरी आठवून थांबला.

"बाबू, तुम्ही भंडाऱ्यात राहता. त्या रस्त्याचा साहेब कधी येणार, काही कानावर आलं का?"

कुलदीपने खाली बघितले.

"येऊन राहिलो ना, काका. दिवाळीपासून." त्याचा आवाज अगदी हळू होता. "आधी सांगून गेलो, तर लोक बाजारातले मासे आणून सोडतात. एका गावी फसलो होतो. म्हणून इथं न सांगता आलो. स्वतः गरी टाकली. तुम्हालाही विचारलं. लई वाटत होतं, एक तरी लागावी. परवा लिहून दिलं मी, तलाव रिकामा आहे."

झुडपाआड, बुडवलेल्या टोपलीत, मरळीने जोरात शेपूट आपटले.

"पाणडुबी," कुलदीप म्हणाला आणि उठला.