बेटावरची टाचणी

लंडनच्या सरकारी समितीत साम्राज्यभर बिनतारी संदेशांची केंद्रं उभारायची चर्चा तिसऱ्या वर्षीही संपेना. भिंतीवरच्या नकाशात केंद्रांच्या जागी टाचण्या खोचणं माझं काम. जहाजावर बिनतारी चालवणाऱ्या माझ्या भावानं लिहिलं होतं, "दक्षिणेतल्या एका बेटापाशी कितीही हाका मारा, ऐकायला कुणी नाही." "पिमबाई, त्या बेटावरची टाचणी समोरच्या देशाच्या किनाऱ्यावर घ्या," अध्यक्ष म्हणाले. "बेटावरच हवी!" आरमाराचे साहेब कडाडले. मी उपटली, खोचली, पुन्हा उपटली. "एवढा जोर कशाला? टाचणी आहे, झाड नव्हे!" अध्यक्ष हसले. अखेर बेटच ठरलं. मी घाईघाईनं टाचणी खोचली, ती निसटली. पुन्हा खोचली, पुन्हा निसटली. "साहेब, उपटून उपटून बेटच गेलंय. नुसतं भोक उरलंय." अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मग नवा नकाशा मागवा. तोवर बैठक तहकूब." भावाचं जहाज गुरुवारी तिकडेच निघणार होतं.